रॉकेटच्या इंधनातल्या विषारी रसायनांचा किडनीवर परिणाम होतो का?

होतो. पण रॉकेट म्हटलं की लोकांना श्रीहरिकोटा दिसतं, मला रबाळे एमआयडीसीतलं बॉयलर हाऊस दिसतं. इस्रोच्या विकास इंजिनाच्या इंधनात जे हायड्रेझिन हायड्रेट असतं, तेच आम्ही बॉयलरच्या पाण्यात सोडायचो. पाण्यातला ऑक्सिजन गेला की ट्यूब गंजत नाहीत.

२००९ चा पावसाळा, नाइट शिफ्ट. डोसिंग टँकमध्ये ओतताना कॅन निसटला. डाव्या हाताचा ग्लोव्ह आधीच अंगठ्यापाशी फाटलेला (नवा मागून महिना झाला होता). कोपरापर्यंत भिजलो, अमोनियासारखा भपका आला. सुपरवायझर म्हणाला, "धुऊन टाक, वास गेला की झालं."

साफ चूक. याचा वास साधारण ३-४ पीपीएमला (हवेच्या दहा लाख भागांत ३-४ भाग) कळतो आणि एसीजीआयएच या कामगारांच्या आरोग्यासाठी मर्यादा सुचवणाऱ्या अमेरिकेतल्या संस्थेने सुचवलेली मर्यादा आहे ०.०१. शिवाय ते कातडीतूनही आत जातं. मग लिव्हर, मेंदू आणि किडनीतल्या बारीक नळ्या, सगळ्यांनाच झळ. मोनोमिथाइल हायड्रेझिन हे रॉकेटचं दुसरं इंधन तर रक्तातल्या लाल पेशी फोडतं, तो कचराही किडनीवरच येतो. रॉकेटच्या घन इंधनातल्या परक्लोरेटचं वेगळं, त्याचा मुख्य त्रास थायरॉइडला.

रात्रभर उलट्या झाल्या. सकाळी कंपनीच्या डॉक्टरने रक्तातलं क्रिएटिनिन, म्हणजे किडनी गाळून बाहेर टाकते तो कचरा, तपासलं. "क्रिएटिनिन १.१, घोड्यासारखा आहेस!" अहो, क्रिएटिनिन वाढेपर्यंत किडनीचं निम्मं काम गेलेलं असू शकतं. लघवी कोणी तपासलीच नाही. दोन वर्षांनी फेस यायला लागला तेव्हा प्रोटीन सापडलं. तुम्ही अशा कामात असाल तर लघवीतलं प्रोटीन तपासून घ्या, नुसत्या क्रिएटिनिनवर घरी जाऊ नका. अंगावर सांडलंच तर कपडे उतरवून निदान पंधरा मिनिटं नळाखाली उभे राहा आणि डॉक्टरला कॅनवरचं नाव सांगा. मी "केमिकल" एवढंच सांगितलं होतं.

आता, एका रात्रीने किडनी गेली असं मी शपथेवर सांगणार नाही. कंबरदुखीच्या गोळ्याही मी वर्षानुवर्षं खाल्ल्यात. पण आमचे मेहुणे प्रत्येक लग्नात पंगतीला बसले की सुरू, "दाजी, ते तुमच्या बीपीमुळे हो." बीपीने किडनी बिघडते, मान्य. बिघडलेल्या किडनीनेही बीपी चढतं. माझं बीपी पहिल्यांदा निघालं २०१२ ला, प्रोटीन २०११ ला. दोन्ही रिपोर्ट ठाण्याच्या घरी कपाटात आहेत, मेहुण्यांनी येऊन तारखा बघाव्यात.