सरांनंतर पथक कोण सांभाळणार?

प्रश्न : आमच्या खुल्या, म्हणजे कोणत्याही शाळेशी न जोडलेल्या, स्काऊट पथकाचे स्काऊटमास्तर तीसहून अधिक वर्षे एक पैसाही न घेता हे पथक चालवीत आहेत. मी त्यांच्याच हाताखाली कबचा, म्हणजे धाकट्या गटातल्या मुलाचा, स्काऊट झालो आणि राज्य पुरस्कारापर्यंत पोहोचलो. आता सरांनी सत्तरी ओलांडली आहे आणि त्यांचे गुडघे दुखतात, तरी दर रविवारी सकाळी ते मैदानावर हजर असतात. सरांचा जाहीर सत्कार करावा आणि पथक माझ्या हाती द्यावे, असे पालकांच्या बैठकीत ठरत आहे. मला नोकरी आहे, घरी लहान मुलगी आहे, आणि सरांसारखे आपल्याला जमणार नाही ही धास्तीही आहे. सरांना ‘आता थांबा’ असे कोणत्या तोंडाने सांगावे?
— एक माजी स्काऊट, सातारा

उत्तर : सरांना थांबा असे सांगू नका. त्यांच्याकडे पुन्हा शिकायला जा, आणि ते मैदानावर येऊ शकत आहेत तोवरच जा. सत्कार त्यानंतर अवश्य करा.

हे मी एवढ्या ठामपणे लिहितो आहे, कारण स्काऊटिंगमध्ये एका मुलाची वाटचाल फार सावकाश होते. दहाव्या वर्षी पथकात आलेला मुलगा प्रवेश, प्रथम सोपान, द्वितीय सोपान, तृतीय सोपान अशा पायऱ्या चढत राज्य पुरस्कारापर्यंत आणि पुढे जमल्यास राष्ट्रपती पुरस्कारापर्यंत जातो. प्रत्येक पायरीवर ठरावीक महिने काढावेच लागत असल्यामुळे या सगळ्याला काही वर्षे जातात. दोन वर्षे उत्साहाने काम करून निघून जाणारा स्काऊटमास्तर कितीही हुशार असला, तरी एकाही मुलाची वाटचाल आरंभापासून अखेरपर्यंत त्याच्या डोळ्यांसमोर होत नाही. आपल्या सरांनी अशा मुलांच्या पिढ्या पाहिल्या आहेत. शिबिरात पहिल्या रात्री घरच्या आठवणीने कोण रडवेला होईल, संघनायक, म्हणजे पथकातल्या एका छोट्या गटाचा पुढारी, केल्यावर कोण दादागिरी करू लागेल आणि लाजाळू दिसत असूनही सात जणांना कोण सांभाळून नेईल, याचा अंदाज त्यांना चार रविवारांत येत असणार. हे ज्ञान त्यांच्या शेजारी उभे राहूनच मिळेल, आणि ते घेण्याची संधी आपल्याला आज आहे.

आता आपल्या धास्तीविषयी. पथक एका माणसाच्या जोरावर चालते असे आपण धरून चालला आहात, म्हणून ती वाटते. स्काऊट चळवळीचे संस्थापक बेडन-पॉवेल यांनी १९०७ साली इंग्लंडमधील ब्राउन्सी बेटावर पहिले प्रायोगिक शिबिर घेतले, तेव्हा त्यांनी मुलांचे चार संघ पाडले आणि प्रत्येक संघ त्यातल्याच एका मुलाच्या हवाली केला. भारत स्काऊट्स आणि गाईड्स या आपल्या संस्थेच्या पथकांचा पायाही आजतागायत हीच संघपद्धती आहे. स्काऊटमास्तर संघनायकांना घडवितो आणि संघनायक पथक चालवितात. ज्या पथकात हे खरोखर घडते, तिथे स्काऊटमास्तर बदलला म्हणून पथक कोसळत नाही.

मुरलेला स्काऊटमास्तर पाहायचा असेल, तर शिबिरातली सकाळची तपासणी पाहावी. संघ तंबूसमोर ओळीने उभा असतो. तंबूच्या दोऱ्या सारख्या ताणलेल्या, अंथरुणांच्या घड्या एकावर एक, काठ्यांना स्क्वेअर लॅशिंग, म्हणजे दोरीची चौकोनी बांधणी, करून उभारलेल्या मांडणीवर ताटे-वाट्या पालथ्या घातलेल्या, चुलीतला विस्तव पाणी मारून विझविलेला. अशा वेळी एखाद्या काठीची बांधणी ढिली दिसली, तर नवखा स्काऊटमास्तर ती स्वतःच आवळून मोकळा होतो किंवा मुलावर ओरडतो. मुरलेला स्काऊटमास्तर ती काठी एकदा हलवून पाहतो आणि संघनायकाकडे बघतो. संघनायक त्या मुलाला बोलावून सुरुवातीच्या क्लोव्ह हिच या गाठीपासून सगळी बांधणी सोडवून पुन्हा करायला लावतो, आणि तेवढा वेळ तपासणी थांबलेली असते. आपल्याला दोन मिनिटांत करता येणारी गोष्ट मुलाला वीस मिनिटे करू देण्याचा हा संयम अंगी यायला वर्षे लागतात. माझ्या मते स्वयंसेवी स्काऊटमास्तराच्या दीर्घ सेवेची खरी कमाई हीच होय. पुढच्या रविवारी सरांजवळ उभे राहाल, तेव्हा ते काय करतात यापेक्षा काय करायचे टाळतात इकडे लक्ष द्या.

प्रशिक्षणाची वाट ठरलेली आहे. सरांचे सहायक म्हणून जिल्हा कार्यालयात नाव नोंदवा, बेसिक कोर्स करा आणि आपल्या नावाचे वॉरंट, म्हणजे नेमणूकपत्र, घ्या, म्हणजे आपले काम अधिकृत होईल. त्यानंतर ॲडव्हान्स्ड कोर्स आणि मग हिमालय वुड बॅज असा क्रम आहे. सरांच्या गळ्यात चामडी दोरीला ओवलेले दोन लाकडी मणी आपण लहानपणापासून पाहिले असतील, तर ते याच वुड बॅजचे. या प्रशिक्षणाची सुरुवात लंडनजवळच्या गिलवेल पार्क येथे १९१९ साली झाली, आणि बेडन-पॉवेल यांनी दक्षिण आफ्रिकेतून आणलेल्या एका झुलू माळेतले मणी पहिल्या प्रशिक्षणार्थींना दिले होते. दोन अभ्यासवर्गांच्या मधल्या काळात आपल्याला पथकावर प्रत्यक्ष काम करावे लागेल. तो काळ सरांच्या देखरेखीखाली गेला, तर त्यासारखे भाग्य नाही.

नोकरी आणि घर यांचा विचार करता माझी सूचना अशी आहे की पालकांच्या बैठकीत एकट्याने होकार देऊ नका. वार्षिक नोंदणी, हिशेब, शिबिराच्या परवानग्या, तंबू आणि दोरखंडांची देखभाल ही कामे समितीतील पालकांनी लेखी वाटून घ्यावीत, आणि आपल्याबरोबर आणखी एका माजी स्काऊटने किंवा रोव्हरने, म्हणजे थोरल्या, तरुण गटातल्या सदस्याने, प्रशिक्षण घ्यावे. सर हे सगळे एकट्याने करीत आले असतील, तर ते त्यांचे थोरपण आहे. पुढच्या माणसाकडून मात्र त्याची अपेक्षा धरणे अन्यायाचे ठरेल. शिबिरावर किमान दोन प्रौढ असणे, पालकांची लेखी संमती आणि ‘खरी कमाई’तून, म्हणजे मुलांनी स्वतः कामे करून मिळविलेल्या मोबदल्यातून, आलेल्या पैशांची नोंद यांत कधीही सूट घेऊ नका. सरांवर गावाचा विश्वास असल्यामुळे यातल्या काही गोष्टी आजवर तोंडी निभावल्या असण्याची शक्यता आहे. हा विश्वास त्यांनी वर्षानुवर्षांच्या वागण्यातून मिळविलेला आहे, तो आपोआप आपल्याकडे येणार नाही, आणि मुलांच्या सुरक्षिततेचे नियम तर कोणाच्याही थोरवीवर अवलंबून ठेवू नयेत.

सरांचे काय, हे त्यांनाच विचारा. धावपळ, पदभ्रमण आणि तंबूंची उस्तवार आपण उचलली, तर संघनायकांची बैठक, नव्या मुलांचा दीक्षाविधी आणि शेकोटीवरची गोष्ट एवढे काम ते खुर्चीवर बसूनही उत्तम करतील. वयाने लहान असलेल्या माणसाच्या हाताखाली ते कसे राहतील, असा संकोच आपल्याला वाटत असेल. ज्यांनी आयुष्यभर बारा-तेरा वर्षांच्या संघनायकाला निर्णय घेऊ दिले, त्यांना हे जड जाईल असे मला वाटत नाही.

सत्कारासाठी २२ फेब्रुवारी हा बेडन-पॉवेल यांचा जन्मदिवस, म्हणजे आपला चिंतन दिन, साधावा. शाल-श्रीफळ द्याच, पण कार्यक्रम सभागृहात न घेता नेहमीच्या मैदानावर घ्या, माजी स्काऊटांना स्कार्फ घालून बोलवा आणि मैदानावरचा ताबा त्या दिवशी संपूर्णपणे संघनायकांकडे राहू द्या.

प्रश्न : माझे वडील अनेक वर्षांपासून स्काऊटमास्तर आहेत. त्यांना संस्थेकडून काही सन्मान मिळावा असे आम्हां भावंडांना वाटते, पण ते स्वतः कधी अर्ज करणार नाहीत. घरात त्यांची एक ट्रंक भरून लॉगबुके, प्रमाणपत्रे आणि छायाचित्रे आहेत. त्यांचे काय करावे?
— एक वाचक, कोल्हापूर

उत्तर : आपल्या दोन्ही प्रश्नांचे उत्तर त्या ट्रंकेतच आहे. भारत स्काऊट्स आणि गाईड्समध्ये दीर्घ सेवेसाठी लाँग सर्व्हिस डेकोरेशन आहे, तसेच मेडल ऑफ मेरिट, सिल्व्हर स्टार आणि सर्वोच्च असे सिल्व्हर एलिफंट हे सन्मान आहेत. त्यांसाठी इतरांनी शिफारस करायची असते, त्यामुळे वडिलांच्या संकोचाची अडचण येऊ नये. त्यांच्या पथकाच्या समितीला जिल्हा कार्यालयाशी बोलायला सांगा. तिथे पहिली विचारणा पुराव्याची होईल. म्हणून वॉरंट, बेसिक, ॲडव्हान्स्ड आणि वुड बॅजची प्रमाणपत्रे, दर वर्षीच्या नोंदणीच्या पावत्या आणि शिबिरांचे दाखले वर्षवार लावा आणि प्रत्येकाची झेरॉक्स काढून ठेवा. एखाद्या वर्षाची पावती सापडली नाही, तर त्या वर्षीच्या मेळाव्याचे किंवा शिबिराचे प्रमाणपत्र जोडून पाहा.

लॉगबुकांना मात्र वेगळी वागणूक द्या. ती पथकाची आहेत. कोणत्या शिबिरात किती मुले होती, पाऊस आल्यावर तंबू कुठे हलविले, बिनभांड्यांच्या स्वयंपाकात कोणाचे बटाटे कच्चे राहिले, हे सगळे मुलांनी आपल्या हाताने त्यांत लिहिलेले असते, आणि पथकाचा असा इतिहास दुसरीकडे कुठेही मिळत नाही. प्रत्येक पान मोबाईलवर टिपून प्रत घरी ठेवा आणि मूळ वह्या पथकाला परत द्या. छायाचित्रांचे काम सर्वांत निकडीचे आहे, कारण त्यांतल्या मुलांची नावे बहुधा एकट्या आपल्या वडिलांनाच सांगता येतील. रोज थोडा वेळ त्यांच्याजवळ बसा आणि प्रत्येक छायाचित्राच्या मागे पेन्सिलीने नावे, ठिकाण आणि साल लिहून घ्या. शाईचा पेन वापरू नका, ती पुढच्या बाजूला उमटते.