थंडीतली पहाटेची सायकलची ग्रुप राइड: बोटं बधिर होण्यापासून ग्रुप सुटेपर्यंत

तुम्ही लिहिलंय की पारा ८ अंशांवर असतो, सुरुवात पहाटे साडेपाचला, पहिल्या अर्ध्या तासात बोटं बधिर होतात, नंतर आतून घामाने भिजता आणि ४० किलोमीटरच्या आसपास ग्रुप सुटतो, म्हणजे तुम्ही मागे पडता. ही तीन वेगळी दुखणी नाहीत, एकच आहे. जास्त कपड्यांमुळे घाम येतो आणि ओलं अंग पुढे गारठतं. बधिर बोटांनी ब्रेक उशिरा आणि जोरात लागतो. पुढच्याशी अंतर पडलं की ते भरून काढायला स्प्रिंट मारावा लागतो. असे वीस-पंचवीस स्प्रिंट झाले की पाय संपले.

आधी कपडे. ८ अंश तापमानात ताशी ३० किलोमीटरच्या वेगाने जाताना उघड्या त्वचेला ४ अंशांसारखी थंडी लागते. तरीही जाडजूड जॅकेट नको. निघताना थोडी हुडहुडी भरली पाहिजे. घरातून निघतानाच उबदार वाटत असेल तर एक थर काढून ठेवा. अंगालगत घाम शोषून बाहेर टाकणारा पातळ बेस लेअर (सुती बनियन अजिबात नाही, ते ओलंच राहतं), त्यावर जर्सी, आर्म वॉर्मर (हातांवर चढवायच्या सुट्या बाह्या) आणि सगळ्यात वर बिनबाह्यांचं विंडचीटर. गुडघे झाकाच. तिथे चरबी-स्नायूंचं आवरण नसतं आणि समोरचा वारा थेट लागतो. हेल्मेटखाली कान झाकणारी पातळ टोपी, बुटांच्या पुढच्या भागावर टो कव्हर (बोटांकडचा भाग झाकणारं आवरण). बुटात दोन मोजे कोंबू नका, पाय आवळला की रक्त कमी पोचतं आणि तो आणखी गार पडतो.

हातमोजे पूर्ण बोटांचे, पण गिअर आणि ब्रेकचा लीव्हर नीट जाणवेल इतकेच जाड. विकत घेण्याआधी ते घालून टायर लीव्हर (टायर काढायची पट्टी) धरून बघा.

सायकलची हवा निघण्याआधी तपासा. २२ अंशांच्या खोलीत ८० पीएसआय (हवेच्या दाबाचं एकक) भरलेला टायर ८ अंशांत साधारण ७५-७६ वर येतो. ही काही बिघाडाची खूण नाही, त्यामुळे रस्त्यावर पंप काढून बसू नका. उलट दव पडलेल्या रस्त्यावर पकड थोडी सुधारते. रिम ब्रेक (चाकाच्या कडेवर, म्हणजे रिमवर दाबणारे) असतील तर ओल्या रिमवर पहिला दाब जवळजवळ वाया जातो. पहिल्या उताराआधी दोनदा हलके ब्रेक दाबून रिम पुसून घ्या. मागचा दिवा ग्रुपमध्ये लुकलुकता ठेवू नका, मागच्याचे डोळे दिपतात. स्थिर आणि मंद ठेवा. लुकलुकता फक्त सगळ्यात शेवटच्याचा. थंडीत बॅटरी लवकर उतरते, तेव्हा दिवा कागदावर दोन तास चालत असला तरी त्यातला बराच वेळ वजा धरा.

आता मूळ मुद्दा, पहिली १५-२० मिनिटं. हलका गिअर, केडन्स (मिनिटाला पॅडलचे फेरे) ८५ ते ९५, बोलता येईल इतकाच जोर. कोणी सुरुवातीलाच पळत सुटला तर त्याला जाऊ द्या. ग्रुपच्या नेत्याने हे निघण्याआधीच ठरवून सांगायला हवं. गार स्नायूंवर जोर लावून वॉर्म-अप होत नाही, फक्त पाय भरून येतात.

ग्रुपमध्ये जागा निवडताना 'नवा आहे, मागे राहतो' हा विचार सगळ्यात महागात पडतो. पुढे कोणी जरा ब्रेक लावला की तो झटका मागे जाताना वाढत जातो. शेवटच्याला पूर्ण थांबून पुन्हा स्प्रिंट मारावा लागतो. दहा जणांत तिसरी ते सहावी जागा सर्वांत सोपी. सुरुवातीला पुढच्या चाकापासून एक मीटर, सवय झाली की अर्ध्या चाकाइतकं अंतर. नजर पुढच्याच्या चाकावर खिळवू नका, खांद्यावरून पलीकडे बघा. चाकाच्या बाजूला चाक कधीच घुसवू नका: तुमचं पुढचं चाक त्याच्या मागच्या चाकाला घासलं तर आडवे तुम्ही होता, त्याला बहुधा नुसता धक्का जाणवतो. अंतर कमी व्हायला लागलं तर ब्रेकऐवजी पॅडल थांबवा किंवा जरा उभं बसून वारा अंगावर घ्या.

ग्रुपमध्ये आळीपाळीने एकेकाने पुढे राहून वारा झेलायचा असतो. पुढे जायची पाळी आली की वेग वाढवू नका. जवळजवळ प्रत्येक नवखा हीच चूक करतो, हुरूपाने. पुढचा बाजूला होण्याआधी मीटरवरचा वेगाचा आकडा बघा आणि तोच राखा. थंडीत पाळ्या छोट्या ठेवाव्यात, एक-दोन मिनिटांच्या. पुढचा तापतो, पण आडोशाला बसलेला गारठतो. पाळी लवकर फिरली तर सगळेच कोमट राहतात. पाळी संपल्यावर मागे बघा, ठरलेल्या बाजूला सरका, पॅडल हलकं करा. शेवटचा सायकलस्वार तुमच्या बरोबरीला येण्याआधीच जोर वाढवायला सुरुवात करा. तो निघून गेल्यावर जोर लावलात तर पुन्हा तोच स्प्रिंट.

धुकं असेल आणि ५० मीटरपलीकडचं दिसत नसेल तर राइड रद्द. यात चर्चा नको.

तहान लागत नाही म्हणून बाटली भरलेलीच परत येते. दर १५ मिनिटांनी दोन घोट, तासाला अर्धा लिटरच्या आसपास. खाणं तासाला ३० ते ६० ग्रॅम कर्बोदकं. एनर्जी बार थंडीत दगडासारखे होतात, म्हणून तुकडे करून जर्सीच्या खिशात, अंगाच्या उबेत ठेवा.

मध्ये थांबणं पाच मिनिटांवर नेऊ नका आणि थांबण्याआधी विंडचीटरची चेन वर ओढा, थांबल्यावर नव्हे. पंक्चर झालं तर एकाने ट्यूब बदलायची, दुसऱ्याने काटा शोधायचा, बाकीच्यांनी रस्त्यापासून दूर उभं राहायचं. टायर फुगवायला १६ ग्रॅमचं कार्बन डायऑक्साइड काडतूस वापरताना हातमोजे काढू नका, काडतूस क्षणात बर्फासारखं होऊन कातडीला चिकटतं. हा वायू रबरातून साध्या हवेपेक्षा लवकर झिरपतो, तेव्हा घरी पोचल्यावर टायर रिकामा करून पंपाने पुन्हा भरा.