जुना ट्रक, आठवणीतला रंग

प्रश्न : आमच्या वडिलांनी १९६८ साली घेतलेला टाटा मर्सिडीज-बेंझ १२१० ट्रक बरीच वर्षे कोल्हापूरचा गूळ वाहत होता. आता तो शेतातल्या शेडमध्ये उभा आहे आणि तो पूर्वी होता तसा करावा, अशी आम्हा भावंडांची इच्छा आहे. केबिन हिरवी होती असे मला आठवते, तर धाकटा भाऊ ती लाल होती म्हणतो; घरातला एकमेव फोटो कृष्णधवल आहे. पुढच्या जाळीवर आज टाटांचा ‘टी’ आहे, पण लहानपणी तिथे तारा पाहिल्याचे स्मरते. काम कुठून सुरू करावे? — एक वाचक, जि. कोल्हापूर

उत्तर : ताऱ्याची आपली आठवण खरी असणार. टेल्को (टाटांची ट्रक बनवणारी कंपनी, आजची टाटा मोटर्स) आणि मर्सिडीज-बेंझ बनवणारी जर्मन कंपनी डायम्लर-बेंझ यांचे सहकार्य १९५४ ते १९६९ या काळात होते आणि तेव्हा जमशेदपूरहून निघणाऱ्या ट्रकांवर तीन टोकांचा तारा असे. आजची जाळी पुढे कधीतरी दुरुस्तीत बदलली गेली असावी. केबिन मात्र बहुधा कारखान्याची नाही, कारण त्या काळी बॉनेटसह चासी (इंजिन-चाकांसह खालचा सांगाडा) कारखान्यातून येई आणि लाकडी चौकटीवर पत्रा ठोकून केबिन व हौदा (माल भरायचा मागचा भाग) स्थानिक बॉडीबिल्डरकडे बांधला जाई. म्हणून आपल्या वडिलांचा ट्रक कंपनीच्या जुन्या जाहिरातींत शोधू नये. तो त्याच्या स्वतःच्या पत्र्यावर आणि लाकडावर शोधावा.

रंगाचा निवाडा फोटोवरून होणार नाही, कारण कृष्णधवल चित्रात लाल आणि हिरवा एकाच करड्या छटेचे दिसू शकतात. ऊन न लागलेली जागा निवडा : दाराची आतली कड, डॅशबोर्डची मागची बाजू किंवा बिजागरीखालचा पत्रा. तिथे रुपयाएवढा गोल वॉटर पेपरने (ओल्याने घासायच्या बारीक पॉलिश पेपरने), पाणी लावून, सावकाश घासत गेलात की झाडाच्या खोडातील वलयांसारखे एकेक थर उघडे पडतात. लांबी (खड्डे बुजवायची पुट्टी) आणि प्रायमर (रंगाखालचा अस्तराचा थर) ओळखून वगळा आणि उरलेले रंग क्रमाने लिहून ठेवा. आपण दोघे भाऊ वेगवेगळ्या वर्षांतला ट्रक आठवत असाल, तर हिरवा आणि लाल दोन्ही तिथे सापडतील, आणि मग कोणत्या वर्षाचा ट्रक उभा करायचा हे घरात बसून ठरवावे लागेल. जुन्या रंगात शिसे असू शकते, म्हणून कोरडे घासू नये आणि तोंडावर मास्क असावा.

त्याआधी एक काम अवश्य करा. रात्री बॅटरीचा प्रकाश पत्र्यावर अगदी तिरका पाडला की वरून रंग दिलेल्या जुन्या अक्षरांच्या कडा उठून दिसतात. मालकाचे नाव, गावाचे नाव, फाळक्यावरची (हौद्याच्या उघडणाऱ्या फळीवरची) वेलबुट्टी ट्रेसिंग पेपरवर उतरवून घ्या. एकदा पत्रा खरवडला की पेंटरचा तो हात कायमचा जातो, आणि माझ्या मते सबंध ट्रकात जपण्यासारखे त्याहून मोलाचे काही नाही. कुजलेले लाकूडही लगेच फेकू नका, सुताराला मापासाठी तेच लागेल.

आरसी पुस्तकातला चासी क्रमांक प्रत्यक्षाशी ताडून पाहा. रंग किंवा बांधणी नोंदीपेक्षा वेगळी होणार असेल, तर आधी आरटीओकडे विचारणा करा. रस्त्यावर काढायचा असल्यास आजच्या नियमाची नंबर प्लेट लागेल. हाताने रंगवलेली जुनी पाटी घरात लावता येईल. चाकांच्या लॉक रिंग (टायर रिमवर धरून ठेवणाऱ्या लोखंडी कड्या) गंजलेल्या असतील तर टायरमध्ये हवा भरणे जिवावर बेतू शकते, तेव्हा ते काम सुरक्षा पिंजरा असलेल्या दुकानातच करून घ्यावे.