मुंबईत नोकरी लागली, खोली कुठे बघायची?
भाडं नंतर, आधी ऑफिस लोकलच्या कुठल्या लाइनीवर आहे ते बघ. अंधेरीकडे असेल तर नालासोपारा-विरार, ठाणे-दादरकडे असेल तर डोंबिवली-कल्याण, बेलापूरला असेल तर पनवेल. बदलापूर, टिटवाळा आणखी स्वस्त, पण कल्याणपुढे कर्जत-कसारा असे फाटे फुटतात, गाड्या विरळ होतात. रात्री उशिरा सुटणाऱ्याने तिकडे जाऊच नये, असं माझं स्पष्ट मत. स्टेशनपासून चालत जाता येईल अशीच खोली घे, नाहीतर वाचलेलं भाडं रिक्षात जातं. पाणी किती वाजता येतं, किती वेळ टिकतं, हे एजंटला नाही, शेजारच्या काकूंना विचार. आणि लीव्ह अँड लायसन्स करार, म्हणजे भाड्याने राहण्याचा करार, रजिस्टर करूनच घे. १९९९ च्या भाडे नियंत्रण कायद्याने ती जबाबदारी घरमालकाची आहे.