एकट्याने सीलिंगला बोर्ड चढवायचेत, लिफ्ट घरी बनवू का?

तुम्ही विचारलंय की हाताखाली कोणी नाही, एका खोलीच्या सीलिंगला जिप्सम बोर्ड लावायचेत, तर ते वर न्यायला लिफ्ट घरीच बनवावी का. मी बनवलीये, आणि दोनदा, कारण पहिली फसली.

आधी एक सांगतो, पाच-सहा बोर्डांसाठी हा उपद्व्याप नको. साडेबारा मिमी जाडीचा ८ बाय ४ चा बोर्ड साधारण २५ किलोचा, तो उचलता येतो हो, पण डोक्यावर टेकवून धरलाय तर स्क्रू कुठल्या हाताने मारणार? त्याला दोन लाकडी टी-टेकू, म्हणजे इंग्रजी T आकाराचे आधार, पुरतात. जमिनीपासून चॅनेलच्या (बोर्ड ज्यावर स्क्रूने बसतात त्या सीलिंगच्या पत्र्याच्या पट्ट्या) बुडापर्यंत माप घ्यायचं, बोर्डची जाडी वजा करायची आणि टेकू त्याहून सेंटीमीटरभर लांब कापायचा, म्हणजे तो वीतभर तिरका लागतो आणि खालून पायाने सारला की बोर्ड घट्ट बसत जातो. बुडाला रबराचा तुकडा ठोका, नाहीतर टेकू फरशीवर सटकतो. भिंतीच्या बाजूला चॅनेलखाली इंचभर जागा सोडून एक पट्टी मारून ठेवा, बोर्डची एक कड तिच्यावर टेकली की निम्मं ओझं गेलंच.

आता बोर्ड खूप असतील तर मात्र लिफ्ट. माझी दुसरी अशी आहे: बाहेरचा चौकोनी पाइप ६० मिमी, आत ४० चा, दोन्ही ५ फूट. मधल्या फटीत तीन बाजूंना नायलॉनच्या पट्ट्या आणि चौथ्या बाजूने ४ मिमीची वायर, ती आतल्या पाइपच्या तळाला बांधलेली, बाहेरच्या पाइपच्या डोक्यावरच्या पुलीवरून खाली विंचला, म्हणजे हँडल फिरवून वायर गुंडाळणाऱ्या चरखीला. पूर्ण वर गेल्यावरही आतला पाइप दीड फूट तरी बाहेरच्यात राहिला पाहिजे, नाहीतर वर नुसता डुलतो. खाली तीन पाय, चांगले फाकलेले, ब्रेकवाली चाकं. आतल्या पाइपच्या डोक्यावर बोर्ड ठेवायची चौकट, म्हणजे पाळणा, अगदी खाली असतानाही साडेपाच फुटांवर असतो, म्हणून तो तिरका होणारा हवा: खालच्या कडेला दोन आकडे, त्यात बोर्डची लांब कड बसवायची, मग पाळणा आडवा करून खिट्टी लावायची.

पहिली का फसली ते ऐका. तिला साधा रॅचेट विंच होता, म्हणजे दातेरी चाकात अडकणाऱ्या खटक्याने थांबणारा, बोर्ड खाली घ्यायला खटका सोडला आणि हँडल हातातून सुटलं ते गरगर फिरून मनगटावर बसलं, बोर्ड खाली आला, कोपऱ्याचा चुरा, मनगट आठवडाभर सुजलेलं. म्हणून विंच ब्रेकवालाच घ्या, हँडल सोडलं की जागच्या जागी थांबतो तो. शिवाय आतल्या पाइपला दर १० सेंमीवर भोक पाडलंय, बोर्डखाली उभं राहायच्या आधी त्यात पिन घालतो, वायर तुटली तरी पिन बाहेरच्या पाइपच्या कडेवर अडकते आणि पाळणा थांबतो. पिनच्या भोकाने उंची तंतोतंत जुळत नाही, पण पाळणा पडला तरी फार तर १० सेंमी पडेल, डोक्यावर नाही.

वर टेकल्यावर विंच अजून दोन वेढे मारायचा मोह होतो, नका मारू, बोर्ड मधून फुगतो आणि कागदाखाली चिरतो. आणि पाळणा खाली घ्यायची घाई नको, आधी मधल्या चॅनेलला आणि चारही कडांना थोडे थोडे स्क्रू बसू देत, उरलेले नंतर निवांत.

खोलीची उंची किती आहे? ९ फुटांपेक्षा जास्त असेल तर पाइपची लांबी पुरणार नाही, सांगा, मग मापं काढून देतो.