आखाडात लिहू नकोस

बाबू,

होळीपासून एक प्रवेशही लिहून झाला नाही, आटलो की काय, असं विचारतोस. आटला नाहीस. झाडीपट्टीत, आपल्या पूर्व विदर्भातल्या धानाच्या मुलखात लिहितोस, आणि आपल्याकडे नाटकालाही हंगाम असतो.

धान घरात आला की मंडईची जत्रा भरते, शंकरपटात बैल धावतात, वडशाहून नाटक कंपन्यांच्या गाड्या निघतात. होळीपर्यंत रातभर नाटक. मग कालचा राजा पुन्हा धानाच्या बांधीत उतरतो. पुण्या-मुंबईला बाराही महिने तिकीटबारी उघडी. तिथल्यांच्या मुलाखती बघून तू रोज हजार शब्दांचा नेम धरलेला दिसतोस. तो त्यांना लखलाभ. 'हंगामी' म्हणून कोणी नाक मुरडलंच, तर आपले नट परशुराम खुणे यांचं नाव सांग. याच रंगभूमीवरून २०२३ ची पद्मश्री आली.

आधी झोप काढ. इतक्या रात्रींचं जागरण आठवड्यात फिटत नाही. मोहाची फुलं वेच, मे महिन्यात तेंदूपत्त्याला जा, मृग लागला की पऱ्हे, म्हणजे धानाची रोपं टाक. आखाडात त्यांच्या रोवण्याला उतर. बाया गाणी म्हणतात, मधेच एकमेकींच्या सासवांची नक्कल करतात. ऐक, पण मोबाइलवर रेकॉर्ड करू नकोस. भादव्यापर्यंत जे डोक्यात उरेल तेच प्रेक्षकासमोर उभं राहतं. बाकीचं विसरलं तर बरंच झालं.

आणि सगळी नाटकं एकाच वेळी तयार होत नाहीत. हलका धान आधी निसवतो, भारी धान उशिरा. त्याला घाईने विळा लावलास तर पोचटच हाती येईल. बापलेकांच्या भांडणाचं तुझं नाटक भारी आहे. पुढच्या वर्षावर गेलं तर जाऊ दे.

खरी अडचण तू लिहिलीच नाहीस: पैसा. कोणी निर्माता उन्हाळ्यातच तीन संहितांचा विसार पुढे करेल. एकीचाच घे. तिन्हींचा घेतलास की तुझा पावसाळा त्याचा झाला. घरी दोन एकर आहे म्हणून हे तुला सांगतो. ज्याला शेती नाही त्याला 'थांब' म्हणायची माझी हिंमत नाही.

पोळा झाला की ये. तुझ्या काकूला सांगून ठेवतो, चार दिवस इथेच बसू. मात्र एकदा लिहायला बसलास की पाहुणा आला तरी उठायचं नाही. दिवाळीला नटांच्या हातात कागद लागतो.

तुझा,
काका