गुळवेलाचा काढा, चिकनगुनियाची सूज आणि टी सेल: वाचकांचे प्रश्न

संधिवातावर पत्रं मागवली होती, ती भरपूर आली. नागपूरची सगळ्यात जास्त, थोडी वर्धा-भंडाऱ्याकडची. बहुतेक पत्रांत एक वाक्य फिरून फिरून आलंय, "इम्युनिटी वीक झाली म्हणून हे झालं का?" मला या वाक्याची खरंच काळजी वाटते कारण लोक त्याच्यावरून औषधं ठरवतात. म्हणून पहिल्या पत्राचं उत्तर जरा लांबलंय, ते लांबू दिलं.

प्रश्न (मानेवाडा, वय ३८): डॉक्टरसाहेब, माझे दोन्ही हाताचे बोटं सकाळी वळतच नाही, तासभर तरी आखडून राहतात. आरए फॅक्टर आणि अँटी-सीसीपी या संधिवाताच्या रक्ततपासण्या दोन्ही पॉझिटिव्ह आल्या. डॉक्टर म्हणाले की तुमच्या टी सेल्स तुमच्याच सांध्यांवर उलटल्या आहेत, आणि मेथोट्रेक्सेट हे संधिवाताचं औषध चालू केलं. पण सासूबाई म्हणतात की इम्युनिटी कमी आहे, गुळवेलाचा काढा घे. त्या रोज सकाळी करून पण देऊन राहिल्या. दोन्ही घेतलं तर चालेल का?

उत्तर: ताई, काढा थांबवा. सासूबाई मायेनं देतात हे मला समजतं, तर हे उत्तर त्यांनाच वाचून दाखवा.

तुमची इम्युनिटी कमी नाहीये. ती चांगली दमदार आहे, चुकलंय ते एवढंच की कोणाला आपलं म्हणायचं आणि कोणाला परकं. हे ओळखायचं काम ज्या पांढऱ्या पेशी करतात त्या टी सेल. छातीच्या हाडामागं थायमस नावाची ग्रंथी असते, तिथं या पेशी शिकून तयार होतात (थायमसचं हे काम जॅक मिलर यांनी १९६१ मध्ये दाखवलं, तोवर तिला निरुपयोगीच समजत होते). तिथं त्यांची परीक्षा होते, जी पेशी आपल्याच शरीरातल्या प्रोटीनवर जोरात चालून जाते तिला तिथंच मारून टाकतात. पण ही परीक्षा शंभर टक्के पक्की नसते, काही पेशी सुटतात, माझ्या अंगात पण आहेत, सासूबाईंच्या पण असतील. म्हणून शरीरानं बाहेर दुसरी सोय ठेवलीय, रेग्युलेटरी टी सेल, ज्यांचं कामच बाकीच्यांना आवर घालणं. जपानचे शिमोन साकागुची यांनी १९९५ मध्ये या पेशी दाखवल्या, पुढं मेरी ब्रुंको आणि फ्रेड रॅम्सडेल यांनी त्यांचा जीन शोधला आणि तिघांना मिळून २०२५ चं नोबेल मिळालं.

मग आरएमध्ये, म्हणजे तुम्हाला झालेल्या रुमेटॉइड संधिवातात, होतं काय? काही जणांच्या एचएलए नावाच्या जीनचा प्रकारच असा असतो की तो शरीरातले थोडे बदललेले प्रोटीन टी सेलसमोर जरा जास्तच चांगले धरतो. बदललेले म्हणजे प्रोटीनमधल्या आर्जिनिन या घटकाचं सिट्रुलिन झालेले, तुमच्या अँटी-सीसीपी रिपोर्टमधला 'सी' तोच. हा बदल बिडी-सिगारेटच्या धुरानं फुफ्फुसात वाढतो, हिरड्यांच्या जुन्या आजाराशी पण त्याचा संबंध दिसतो. टी सेलला हे प्रोटीन परकं वाटतं. पण नुसतं वाटून ती पेटत नाही, तिला दोन खुणा लागतात, बँकेच्या लॉकरला जशी एक चावी आपली आणि एक बँकेची लागते तसं. पहिली चावी म्हणजे ते प्रोटीन ओळखणं, दुसरी म्हणजे समोरच्या पेशीनं "हो, कर सुरू" म्हणून दिलेला इशारा. ही दुसरी चावी अडवणारं औषध सुद्धा आहे, अबाटासेप्ट, अमेरिकेत २००५ पासून आरएसाठी वापरात आहे, आणि ते काम करतं यावरूनच कळतं की या आजारात टी सेलचा हात किती मोठा आहे.

एकदा पेटली की ही टी सेल स्वतः फार काही तोडत नाही, ती बाकीच्यांना कामाला लावते. बी सेलना मदत करून अँटीबॉडी बनवून घेते, सांध्याच्या अस्तरातल्या पेशींना चेतवते, मग टीएनएफ, आयएल-६ अशी रसायनं सुटतात, अस्तर सुजून जाड होतं आणि हळूहळू कूर्चा आणि हाड खातं. तुमचं सकाळचं आखडणं हे त्या सुजेचंच.

आता सांगा, अशा वेळी "इम्युनिटी वाढवणारं" काही दिलं तर कोणाला बळ मिळेल? आणि गुळवेलाचा प्रश्न तर याच्याही पुढचा आहे. कोविडच्या काळात गुळवेल घेणाऱ्या काही लोकांच्या लिव्हरला इजा झाली, मुंबईच्या डॉक्टरांनी २०२१ मध्ये अशा केसेस छापल्या, त्यातल्या काहींमध्ये लिव्हरचा त्रासही ऑटोइम्यून, म्हणजे इम्युनिटी आपल्याच शरीरावर उलटण्याच्या प्रकारचाच होता. तुम्ही मेथोट्रेक्सेट घेता, त्याच्यासाठी आधीच लिव्हरच्या टेस्ट कराव्या लागतात, त्यावर हा काढा म्हणजे लिव्हर बिघडलं तर कशानं बिघडलं हेही कळणार नाही. पुढच्या भेटीला काढा किती दिवस घेतला ते डॉक्टरांना न लाजता सांगा आणि लिव्हरची एसजीपीटी टेस्ट करून घ्या.

प्रश्न (काटोल): आमची स्वतःची संत्र्याची बाग आहे. वात झाल्यापासून घरचे संत्र्याला हातच लावू देत नाही, आंबट आहे म्हणे. खरंच बंद करायचं का?

उत्तर: बिलकुल नाही काकाजी, खा. संत्र्यानं आरए वाढतो असं काही सिद्ध झालेलं नाही. किडनीचा त्रास असेल किंवा शुगर वाढलेली असेल तर किती खायचं ते डॉक्टरांना विचारा, बाकी आपल्या बागेचं फळ सोडायचं काही कारण नाही.

प्रश्न (इतवारी, वय ५१): चार वर्षांपासून आरए आहे. औषधानं एकदम आराम पडला म्हणून मागच्या दिवाळीत गोळ्या स्वतःच बंद केल्या. दोन महिने मस्त गेले अन् मग पुन्हा सूज, आणि तीही त्याच उजव्या हाताच्या मधल्या बोटाला, पहिल्यांदा आली होती तिथंच. त्याच बोटाला काऊन येते? आतमध्ये काही राहून गेलं का?

उत्तर: हो, राहूनच गेलं. फार नेमकं विचारलंत तुम्ही.

टी सेलमध्ये एक प्रकार असतो लक्षात ठेवणाऱ्या पेशींचा, मेमरी टी सेल. लसींच्या कामातही यांचा हात असतो. यातल्या काही रक्तात फिरत राहतात आणि काही ज्या जागी भांडण झालं तिथंच मुक्काम ठोकतात, सूज गेली, दुखणं गेलं, बोट बाहेरून अगदी नॉर्मल दिसतं तरी त्या सांध्याच्या अस्तरात बसून असतात. आरएच्या पेशंटच्या शांत झालेल्या सांध्यातही त्या सापडल्या आहेत. उंदरांवर केलेल्या प्रयोगात तर असं दिसलं की या पेशी पुन्हा चेतवल्या की सूज त्याच सांध्यात उठते, आणि त्या काढून टाकल्या की उठत नाही. तुमच्या मधल्या बोटाचं गणित बहुतेक हेच आहे.

म्हणून दुखणं थांबणं आणि आजार थांबणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे मी ओपीडीत रोज सांगतो आणि तरी लोक गोळ्या बंद करतातच कारण बरं वाटत असताना औषध घेणं जिवावर येतं, मला कळतं ते. औषध कमी करता येतं, पण कमीत कमी सहा महिने आजार पूर्ण शांत राहिल्यावर, एकेक करून, हळूहळू, डॉक्टरांच्या नजरेखाली. आणि आता पुन्हा चालू कराल तेव्हा एक गोष्ट जपा, मेथोट्रेक्सेट असेल तर ते आठवड्यातून एकच दिवस. एक वार ठरवा, कॅलेंडरवर गोल करा, घरच्यांनाही सांगून ठेवा. रोज घेतल्यामुळं बोन मॅरो (हाडातला रक्त बनवणारा भाग) बसून जीव गेल्याच्या घटना जगभर झाल्या आहेत. गोळी चालू असताना तोंडात फोड आले किंवा ताप आला तर पुढचा डोस घेऊ नका, आधी रक्त तपासा.

प्रश्न (नंदनवन): २०२४ च्या पावसाळ्यात आमच्या गल्लीत घरोघरी चिकनगुनिया होता, मलाही झाला. ताप चार दिवसांत गेला पण घोटे अन् मनगटं अजून दुखून राहिले. शेजारचा म्हणतो याचा संधिवातच होतो नंतर. एका ठिकाणी पुडीतल्या गोळ्या देतात, त्या घेतल्या की लगेच बरं वाटतं.

उत्तर: भाऊ, आधी त्या पुडीबद्दल. ज्या गोळीचं नाव कोणी सांगत नाही आणि जिनं दोन तासांत सगळं दुखणं पळतं ती बहुतेक वेळा स्टेरॉइडची असते. स्टेरॉइड वाईट औषध नाही, आम्हीही देतो, पण डोस लिहून, किती दिवस ते ठरवून, आणि हळूहळू उतरवत. बरेच महिने घेऊन अचानक सोडली तर बीपी पडून पेशंट आयसीयूत जाऊ शकतो. तेव्हा एकदम बंदही करू नका, पुडी घेऊन डॉक्टरकडं जा.

आता चिकनगुनिया. नागपूरनं २००६ ला हा आजार पाहिला आणि २०२४ ला पुन्हा पाहिला. व्हायरस रक्तातून थोड्या दिवसांत जातो, मग सांधे महिनोन्महिने का दुखतात? इथंही टी सेलचंच नाव येतं. ज्या उंदरांमध्ये सीडी४ टी सेल (बाकीच्यांना कामाला लावणाऱ्या) नव्हत्या त्यांना चिकनगुनिया दिला तर व्हायरस होता पण पायाची सूज बरीच कमी आली. म्हणजे सुजेतला मोठा वाटा व्हायरसचा नाही, त्याच्यावर तुटून पडलेल्या टी सेलचा. २०१४ मध्ये हैतीहून चिकनगुनिया घेऊन अमेरिकेत परतलेल्या काही लोकांच्या रक्तातल्या टी सेल तपासल्या तर त्या आरएच्या पेशंटसारख्याच दिसल्या, सांधे तपासले तर ते पण आरएच्या व्याख्येत बसले. म्हणून शेजाऱ्याचा गोंधळ होणं साहजिक आहे. पण चिकनगुनियात अँटी-सीसीपी सहसा निगेटिव्ह येते आणि बहुतेक लोक हळूहळू बरे होतात, काहींना मात्र वर्षाच्या वर त्रास राहतो. तुमचा त्रास बराच लांबला आहे. नुसतं दुखणं आहे की हात लावून कळेल अशी सूज आहे हे बघावं लागेल, सूज असेल तर अँटी-सीसीपी आणि सूज मोजणाऱ्या ईएसआर, सीआरपी या टेस्ट करून संधिवाताच्या डॉक्टरला दाखवा.

प्रश्न (वाडी): मला संधिवातासाठी टोफासिटिनिब ही गोळी चालू करायची आहे तर डॉक्टरनं टीबीची टेस्ट अन् छातीचा एक्स-रे सांगितला. मला खोकला नाही, घरात कोणाला टीबी नाही. उगाच खर्च नाही का?

उत्तर: उगाच नाही, हा खर्च कराच. आपल्याकडं कितीतरी लोकांच्या अंगात टीबीचे जंतू झोपलेल्या अवस्थेत असतात आणि आयुष्यभर काही करत नाहीत, कारण टी सेलनी त्यांना वेढून ठेवलेलं असतं. टोफासिटिनिब टी सेलचा आपसातला निरोप अडवतं, त्यानं सांधे शांत होतात पण तो वेढाही सैल पडू शकतो. गंमत वाटेल पण टेस्ट स्वतः टी सेलचीच आहे, माँटू टेस्टमध्ये हातावर इंजेक्शन देतात आणि ४८ ते ७२ तासांनी जी कडक गाठ मोजतात ती टीबी ओळखणाऱ्या टी सेल तिथं जमा झाल्यामुळं येते. स्टेरॉइड चालू असेल तर कधी कधी गाठ येत नाही आणि टेस्ट खोटी निगेटिव्ह निघू शकते, तेव्हा ते आधी सांगा. या औषधावर नागीण होण्याचं प्रमाणही वाढतं, तिच्या लसीबद्दल गोळी सुरू करायच्या आधीच विचारून घ्या.

प्रश्न (सक्करदरा, एक वडील): मुलगी १९ वर्षांची, ल्युपस (इम्युनिटी आपल्याच शरीरावर उलटण्याचा आजार) आहे, किडनीवर थोडा परिणाम आहे. मोबाइलवर पाहिलं की टी सेल बदलून ल्युपस कायमचा बरा होतो आणि ते आयआयटी मुंबईनं पण बनवलं आहे. दोन एकर शेती आहे, विकायची तयारी आहे. कुठं जाऊ?

उत्तर: दादा, शेती विकू नका. बातमी खोटी नाही, पण ती अर्धी तुमच्यापर्यंत आली आहे.

ही कार-टी थेरपी. पेशंटच्याच टी सेल रक्तातून काढतात, लॅबमध्ये त्यांच्यात नवा जीन घालतात म्हणजे त्या सीडी१९ खूण असलेल्या बी सेल शोधून मारतात, आणि परत अंगात सोडतात. ल्युपसमध्ये चुकीच्या अँटीबॉडी बनवतात त्या या बी सेलच. जर्मनीत एर्लांगेनच्या डॉक्टरांनी २०२१ मध्ये तुमच्या मुलीएवढ्याच, २० वर्षांच्या मुलीवरचा पहिला अनुभव छापला. २०२४ मध्ये १५ पेशंटचा अहवाल आला, त्यात ८ ल्युपसचे होते, आठही जणांचा आजार शांत झाला आणि इतर औषधं बंद करता आली. मी तो वाचला तेव्हा फार आनंद झाला, इतकी वर्षं ज्या पेशीला आपण आवरत आलो तिलाच कामाला लावून आजार थांबवला. पण आठ म्हणजे आठच, आणि त्यांच्यावर लक्ष ठेवल्याला फार वर्षं झालेली नाहीत. या उपचारात जोराचा ताप, बीपी पडणं, इन्फेक्शन असे धोके आहेत.

आयआयटी मुंबई आणि टाटा मेमोरियलच्या कामातून आलेल्या नेक्सकार१९ ला ऑक्टोबर २०२३ मध्ये मंजुरी मिळाली, ती बी सेलच्या ब्लड कॅन्सरसाठी, ल्युपससाठी नाही. उद्या कोणी ल्युपसच्या ट्रायलमध्ये घेतो म्हणाला तर त्याला सीटीआरआयचा, म्हणजे ट्रायल नोंदवायच्या सरकारी रजिस्टरचा, रजिस्ट्रेशन नंबर विचारा. खऱ्या ट्रायलमध्ये प्रयोगाच्या औषधाचे पैसे पेशंटकडून घेत नाहीत. लाखो रुपये आधी भरा म्हणणाऱ्याकडं फिरकू नका, स्टेम सेलच्या नावानं बोलावणाऱ्याकडं तर नाहीच.

आज तिच्या हातात जे आहे ते कमी नाही. हायड्रॉक्सीक्लोरोक्विन रोज, एक दिवसही न चुकवता, डोळ्यांची तपासणी डॉक्टर सांगतील तशी. किडनीसाठी मायकोफेनोलेट दिलं असेल तर ते, टॅक्रोलिमस दिलं असेल तर ते थेट टी सेललाच शांत करणारं औषध आहे आणि लघवीतलं प्रोटीन कमी करायला चांगलं काम करतं. उन्हाळ्यात दुपारी बाहेर निघताना स्कार्फ, पूर्ण बाह्या आणि सनस्क्रीन, आपल्या नागपूरच्या उन्हात तर नक्कीच, कारण उन्हानं ल्युपस उठतो. आणि लघवीतलं प्रोटीन आणि क्रिएटिनिन दर तीन महिन्यांनी, मेडिकल कॉलेजला दाखवत असाल, एम्सला किंवा प्रायव्हेटमध्ये, कुठंही करा पण सगळे रिपोर्ट एकाच फाइलमध्ये तारखेनं लावून ठेवा, प्रोटीन वाढतंय की कमी होतंय ते डॉक्टरला एका नजरेत दिसलं पाहिजे.